मडबनचा सडा किती मीटर कापणार, ते आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक बाजू म्हणते, जपानचं फुकुशिमा अणुवीज केंद्र भूकंपानं गेलं, उद्या इथंही तेच होईल. दुसरी म्हणते, आपल्याकडं तसले भूकंप होत नाहीत. माझी सगळी नोकरी शिरोलीच्या फौंड्र्यांत भट्ट्यांची वीज सांभाळण्यात गेली. फुकुशिमाबद्दल वाचताना माझी नजर भूकंपापेक्षा जमिनीच्या उंचीवर अडकते.

तिथला समुद्रकाठचा कडा मुळात सुमारे ३५ मीटर उंच. १९६० च्या दशकात प्रकल्प बांधताना तो कापून पहिल्या चार अणुभट्ट्यांसाठी १० मीटरवर आणला. जड यंत्रं जहाजातून उतरवायला सोपं, समुद्राचं पाणी उपसायला खर्च कमी, पाया पक्क्या खडकावर, असा तो हिशेब. त्सुनामी धरली होती ३.१ मीटर, १९६० च्या चिलीच्या लाटेवरून. पहिली अणुभट्टी १९७१ ला सुरू झाली आणि चाळीस वर्षं हा हिशेब कुणाला टोचला नाही. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा चालू अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या, डिझेल जनरेटरही सुरू झाले. पाऊण तासानं सुमारे १४-१५ मीटरची लाट आली आणि तळघरातले जनरेटर व स्विचबोर्ड बुडाले, म्हणजे थंड करणाऱ्या पंपांची वीजच गेली.

अणुभट्टी बंद केल्यावरही सुरुवातीला पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते. फौंड्रीवाल्याला हे समजावावं लागत नाही. इंडक्शन फर्नेसमध्ये (विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीत) चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस असताना लाइट गेली तर आम्ही आधी तिच्या तांब्याच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉईलला, थंड ठेवणारं पाणी बघतो, बाकी सगळं नंतर. पंप थांबलेला असतो, म्हणून वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला माणूस पळतो. कॉईल जळून पाणी रसात गेलं तर स्फोटच. ती टाकी उंचावर असते ती यासाठीच. तिला वीज लागत नाही.

त्याच फुकुशिमात सहाव्या अणुभट्टीचा एक हवेनं थंड होणारा जनरेटर वरच्या जागी होता. तेवढा एक वाचला आणि त्याच्यावर पाचवी व सहावी, दोन्ही वाचल्या. जपानचंच ओनागावाचं अणुवीज केंद्र तर भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ. तिथं यानोसुके हिराई नावाच्या अभियंत्यानं जागा १४.८ मीटर उंचच हवी असा हट्ट धरला होता. इ.स. ८६९ च्या त्सुनामीची आठवण त्याच्या भागात टिकून होती. भूकंपात जमीन मीटरभर खचली, १३ मीटरची लाट आली, थोडं पाणी शिरलंही, पण केंद्र सुखरूप बंद झालं. घरं गेलेल्या गावकऱ्यांनी त्याच केंद्राच्या आवारात आसरा घेतला. हिराई तेव्हा हयात नव्हते. या माणसाचं नाव आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

हे जपानचं झालं म्हणून सोडून देऊ नये. २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुवीज केंद्राच्या पंपघरात समुद्र शिरला आणि चालू अणुभट्टी बंद करावी लागली. आपल्या कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी उपसणारी केंद्रंच पाण्याखाली गेली. गावभर पाणी आणि नळ कोरडे, हे आपण सगळ्यांनी भोगलंय.

जैतापूरला प्रत्येकी १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे १०,३८० मेगावॅट, असा बेत आहे. मी अणुवीजविरोधी नाही. आमच्या भट्ट्यांना रात्रंदिवस वीज लागते, ती कुठून तरी यायचीच. प्रकल्पाची जागा असलेला मडबनचा सडा (खडकाळ पठार) समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर उंच असल्याचं सांगतात आणि त्यावर सगळे निर्धास्त आहेत. फुकुशिमाचा कडा ३५ मीटरचा होता.

म्हणून सरकारनं साध्या मराठीत, नकाशासह जाहीर करावं: सडा कापून अखेर किती मीटरवर आणणार, डिझेल जनरेटर आणि स्विचबोर्ड कोणत्या मजल्यावर, वीज पूर्ण गेल्यास थंड करण्याचं पाणी कुठून आणि किती तास. आणि एक. काही घडलंच तर राजापूरची माणसं अणुस्कुरा घाटानं आमच्याकडंच वर येणार. पावसाळ्यात त्या घाटात दरड कोसळली तर पर्यायी रस्ता कोणता, तेही त्याच कागदावर हवं, आणि तो कागद राजापूरबरोबर कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातही लावावा.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक,
फुलेवाडी, कोल्हापूर