वाघ्याला थांबायला शिकव

चि. सोनूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तात्यांनी तुला फोन केला आणि अर्धंमुर्धं सांगून मोकळे झाले. "वाघ्यामुळं मेंढी मेली, त्या कुत्र्याला आता देऊन टाकतो कुणाला तरी," एवढंच तुझ्या कानावर गेलं. तू रात्रभर रडत होतीस असं तुझ्या मैत्रिणीनं सकाळी कळवलं. फोनवर बोलायला लागले की मला निम्मं सुचत नाही, म्हणून लिहायला बसले. वाघ्या घरीच आहे, आत्ता माझ्या पायाशी झोपलाय. मेंढी गेली हे मात्र खरं. कशी गेली ते सगळं सांगते, तुझ्यापासून काही लपवत नाही.

त्या दिवशी आप्पा चार नर कोकरं घेऊन पहाटेच आटपाडीच्या बाजाराला गेले होते. कातरणारे दुसऱ्या दिवशी यायचे, ते त्याच सकाळी दारात उभे. दिवाळीच्या तोंडावर त्यांना चहूकडून बोलावणं असतं, परत पाठवलं तर पुन्हा कधी सापडतील कुणास ठाऊक. मेंढरं आदल्या दिवशीच ओढ्यात धुऊन काढली होती, तेवढं बरं होतं. मी म्हटलं, बसा, चहा टाकते. वाघरीची, मेंढरांभोवती लावलेल्या जाळीची, बांधाकडची मेख ढिली झालेली मला सकाळीच दिसली होती. दगडानं ठोकायची म्हणून दगडही आणून ठेवला होता. चहाच्या गडबडीत ते राहून गेलं. तात्यांनी हे तुला सांगितलं नसणार, कारण त्यांना ते ठाऊकच नाही. पण चूक तिथून सुरू झाली, आणि ती माझी.

दहा-बारा मेंढरं कातरून झाली होती. कातरलेली मेंढी सोडली की कशी उधळते, तुला माहीत आहे. वाघ्यानं हे आजवर पाहिलेलंच नव्हतं. एक कातरलेली मेंढी वाघरीच्या कडेनं धावली आणि तो तिच्यामागं सुटला. मे महिन्यात तू त्या परदेशी कुत्र्यांच्या फिती बघून त्याला शिकवलंस ना, बॉर्डर कोली की काय त्यांचं नाव, तेच तो करत होता. मान खाली, पोट जमिनीला, कडेकडेनं वळसा. मी ओरडले, पण "थांब" हा शब्दच त्याला कळत नाही. सगळा कळप बांधाकडच्या कोपऱ्यात दाटला, मेख निघाली, वाघर खाली आली. पहिल्या मेंढीनं उडी मारली तेव्हा जाळी गुडघाभर तरी उभी होती. मागच्या येईपर्यंत ती भुईला लोळत होती, तरी प्रत्येक मेंढी त्याच जागी येऊन उडी मारत होती. रिकाम्या हवेवरून! हातात कातर धरून ते दोघं नुसते बघत राहिले.

बांधापलीकडं नानांचं कडवळ, चाऱ्याची ज्वारी. तेही उभं असतं तर एवढी भीती नव्हती. फुलोऱ्यात आलेलं कडवळ जनावराला खुशाल घालावं. पण नानांनी ते कापून नेलेलं, बुडख्यांना वीतभर कोवळी फूट आलेली, आणि वरून तीन आठवडे पाऊस नाही. जमिनीला ओल नाही नि फूट कोवळी, म्हणजे किराळ लागणारच, जनावराला विषबाधा होणारच. हे मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि त्यात नेमकं कुठलं विष असतं ते तू गेल्या दिवाळीला सांगितलंस. मी अनवाणीच धावले.

आता आपल्या कुत्रीचं, काळीचं ऐक. सकाळपासून ती निंबाच्या सावलीत पडून होती, म्हातारीचे मागचे पाय आता लवकर उठत नाहीत. मेंढरं कडवळात शिरली तशी ती उठली. धावली नाही. बांधाच्या वरच्या अंगानं गेली आणि कळपाच्या पुढं, जिथून फूट जास्त दाट होती, तिथं जाऊन उभी राहिली. भुंकलीसुद्धा नाही. पुढच्या मेंढ्यांनी माना वर केल्या, तिच्याकडं बघितलं आणि वळल्या. ती चार पावलं पुढं आली, पुन्हा उभी. मी खालच्या अंगानं हाळी देत होते, ती वरून नुसती उभी होती, आणि बासष्ट मेंढरं दहा मिनिटांत बांधाच्या अलीकडं आली. सोनू, मी या घरात येऊन चोवीस वर्षं झाली. आपली कुत्री लांडग्यासाठी, राखणीसाठी, मेंढरं वळवायचं काम माणसांचं, असंच मी समजत होते. काळीनं हे कितीदा केलं असेल आणि मी नीट बघितलंच नसेल.

दहा मिनिटंसुद्धा जास्त झाली. वीसेक मेंढरांनी तोंड घातलं होतं. पाव तासात पाच जणी लटपटायला लागल्या. धाप, तोंडाला फेस, मग पाय ताणून पडल्या. मी एकीचा ओठ उचलून बघितला, हिरड्या लालभडक. तुला फोन लावला, तो बंद. तुझं प्रॅक्टिकल होतं हे नंतर कळलं, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मग जनावरांच्या डॉक्टरांसाठीचा १९६२ नंबर लावला, तिथल्या बाईंनी डॉक्टरांना निरोप दिला. तोवर सगळे सल्ले द्यायला गोळा झाले. कुणी म्हणे पळवा, कुणी म्हणे गुळाचं पाणी पाजा. पळवायचं नाही, आणि आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडात काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं, हे तू मला दोनदा बजावलेलं. मी कुणाला हात लावू दिला नाही. चुलतसासूबाई रागावल्या, "पोरगी शिकली म्हणून आई डॉक्टरीण झाली का," असंही म्हणाल्या. मी ऐकून घेतलं आणि मेंढ्यांच्या माना धरून बसले.

डॉक्टर पाऊण तासात मोटरसायकलवर आले. तोवर मुंडी गेली होती. तीच ग, तुटक्या कानाची, जी तुझ्या हातातला भाकरीचा तुकडा ओढून घ्यायची. बाकी चौघींना त्यांनी शिरेतून औषध दिलं. आधी एक, मग सोडियम थायोसल्फेट. नाव मी तुझ्यासाठी कागदावर लिहून घेतलंय. लक्षणं दिसल्यापासून दोन तास निघाले की बहुतेक जनावर वाचतं, असं ते म्हणाले. मी ते दोन तास भिंतीवरच्या घड्याळात मोजले. चौघीही उठल्या.

त्या दोन तासांतच फलटणच्या सुवर्णा जातीच्या नरापासून गाभण राहिलेली ती तरणी मेंढी व्यायला लागली. तिच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. मी गेले तेव्हा एक कोकरू उभं होतं आणि दुसरं बाहेर येत होतं. जुळी! आपल्या दख्खनी मेंढ्या बहुतेक एकच देतात, त्या नराच्या लेकींना पुढं जुळी व्हावीत म्हणून तर तू आप्पांशी भांडून तो आणायला लावलास. दोन्ही माद्या आहेत. धाकटी जरा अशक्त आहे, तिला मी आधी सडाला लावते, मग थोरलीला. वजन करून ठेवलंय, तू आलीस की वहीत लिही.

कातरणारे भले माणूस, थांबून राहिले आणि दुपारनंतर उरलेली सगळी मेंढरं कातरून दिली. लोकर घ्यायला यंदाही कुणी फिरकलं नाही. वर्षाकाठी मेंढीमागं अर्धा-पाऊण किलो निघते, तिला कुणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पण कोकरांचं जावळ मी वेगळं बांधून ठेवलंय. घोंगडी विणणाऱ्या सणगरांकडं देऊन तुझ्यासाठी घोंगडं विणून घेणार आहे, चिंचोक्याची खळ देऊन, तुझ्या आजीचं होतं तसं.

संध्याकाळी खरा गोंधळ झाला. कातरलेल्या आया कोकरांना ओळखू येईनात. आयांचं अंग निम्मं झालेलं, वासही बदललेला. कोकरं आईच्या आवाजाकडं धावायची, जवळ गेली की बिचकून मागं फिरायची. आया मात्र शेपटीखाली हुंगून बरोबर ओळखत होत्या आणि परक्याला ढुशी मारून हाकलत होत्या. आप्पा बाजारातून आले तेव्हा अंधारात मी, तात्या, तुझा भाऊ, तिघंही हातात एकेक कोकरू घेऊन मेंढ्यांना हुंगवत फिरत होतो. आप्पांनी पैशाची पिशवी खुंटीला अडकवली आणि काही न विचारता एक कोकरू उचललं. साडेनऊला शेवटचं कोकरू आईला लागलं.

वाघ्या त्या सगळ्या वेळात दिसला नव्हता. तात्यांनी दुपारी त्याला काठी मारली होती, तुला आत्ताच सांगते, नंतर कळून राग धरू नकोस. मी कंदील घेऊन शोधायला गेले. बांधाच्या वरच्या अंगाला, काळी जिथं उभी राहिली होती तिथंच काळी बसलेली, आणि तिच्या शेजारी हा, कडवळाकडं पाठ आणि मेंढरांकडं तोंड करून. वाघर पुन्हा ठोकलेली होती, राखायला काही उरलं नव्हतं. तरी दोघं बसून होते. मी हाक मारली तर वाघ्यानं आधी काळीकडं बघितलं. ती उठली, मग तो उठला.

मी आप्पांना आणि तात्यांना सांगितलंय, वाघ्या कुठंही जाणार नाही. तात्या गप्प बसले, म्हणजे त्यांनी मानलं. नानांनी पैसे घेतले नाहीत. पलीकडच्या वावरात पाच रात्री मेंढरं बसवा म्हणाले, हरभऱ्याला लेंडीखत होईल. आज तिसरी रात्र आहे.

आता तुझ्याकडं मागणं एकच. दिवाळीला येशील तेव्हा वाघ्याला पुढं काही शिकवू नकोस, पळायचं त्याला येतं. त्याला थांबायला शिकव. त्या परदेशी कुत्र्यांना पहिल्यांदा काय शिकवतात ते नीट बघून ये. माझ्या अंदाजानं तेच शिकवत असतील. आणि शिकवताना काळीला बरोबर ठेव. ती अजून किती दिवस आहे माहीत नाही. तिला उभं राहताना तू एकदा बघावंस असं मला फार वाटतं.

येताना जंताचं औषध आण. आणि पहाटे थंडी पडायला लागली आहे, स्वेटर घालूनच एसटीत बस.

तुझी,
आई