एसीच्या आधी स्लॅबचं बघ

डार्मस्टाट (जर्मनी), १८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घराचा प्लॅन व्हॉट्सॲपवर मिळाला. फोनवर मी काही सांगायला लागलो की तू "बरं, बघू" म्हणतोस आणि द्राक्षाच्या दरावर येतोस, म्हणून सरळ लिहायलाच बसलो. आईला आणि वहिनींनाही वाचून दाखव. आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

वरच्या बेडरूमला एसी बसवायचा म्हणतोस. बसव, माझी ना नाही. पण ती खोली तू नेमकी पश्चिमेला काढलीयस आणि तिच्यावर उघडा स्लॅब. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतं. मे महिन्यात रात्री अकराला पंखा लावला की गरम वारं अंगावर येतं, त्यात पंख्याचा दोष नसतो. छताखालची तापलेली हवाच तो खाली ढकलतो. अशा खोलीत एसी लावला तर तो आधी स्लॅबशी झगडणार, तुझ्या वाट्याला गारवा नंतर. दीड टनाचा एसी जोरात चालला तर तासाला दीड युनिटपर्यंत खातो. रात्रभराचा हिशोब तूच कर. आणि महावितरणचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो, शंभर युनिटांपुढं एक, तीनशेपुढं आणखी वरचा. म्हणजे एसीचे युनिट सगळ्यात महागाच्या टप्प्यात जाऊन बसणार.

बेदाण्याचं शेड घालताना वारं कुठून येतं, ऊन कुठं पडतं हे तू चार जणांना विचारून ठरवलंस. राहत्या घराला मात्र रस्ता कुठल्या बाजूला आहे एवढंच बघितलंस! जिना आणि बाथरूम पश्चिमेला घे, बेडरूम पूर्वेला सरकव. दुपारचं ऊन जिन्याच्या भिंतीनं खाल्लं तर कुणाचं काही बिघडत नाही. अजून पायाच चाललाय, म्हणजे हे कागदावर बदलायला पैसा लागत नाही. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा ठेव, पण संध्याकाळचं तिरपं ऊन छज्जानं अडत नाही, तिथं खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक किंवा चटई सोड. आतल्या पडद्याचा तेवढा उपयोग नाही. काचेतून ऊन एकदा आत आलं की ते आतच राहतं. इथं समोरच्या आजी जुलैत सकाळी दहा वाजले की खिडकीबाहेरचं शटर पट्ट्यानं खाली ओढतात, फक्त बोटभर फट ठेवतात, आणि रात्री सगळ्या खिडक्या सताड उघडतात. घरात एसी नाही.

मी राहतो ते गाव या बाबतीत नावाजलेलं आहे. १९९१ साली इथं पहिलं 'पॅसिव्ह हाऊस', म्हणजे जाड थरांनी आणि हवाबंद बांधणीनं ऊब धरून ठेवणारं घर, राहायला तयार झालं. त्या प्रकारच्या घराला खोल्या गरम ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागं फार तर १५ युनिट लागतात. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या घराला अख्ख्या हिवाळ्यात दीड हजार. आपल्या तासगावच्या कोल्ड स्टोरेजचा हा उलटा प्रकार: तिथं बेदाणा गार राहावा म्हणून भिंतीत जाड थर भरतात, इथं माणसं उबदार राहावीत म्हणून. पण हे जसंच्या तसं तिकडं उचलू नकोस. असं हवाबंद घर इथल्या थंडीसाठी ठीक. आपल्याकडं सावली पाहिजे आणि वारं खेळतं पाहिजे. आजोबांच्या घराला ते होतं, पांढऱ्या मातीच्या दीड हात भिंती आणि वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. दर पावसाळ्याच्या तोंडाला माती टाकूनही धाबं गळायचं ते गळायचंच, हे मी विसरलेलो नाही, म्हणून मातीचं घर बांध असं काही म्हणत नाही.

स्लॅबवर वॉटरप्रूफिंगला ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करणारच आहेस, त्यावर पांढऱ्या चायना चिप, म्हणजे चकचकीत फरशीचे तुकडे, बसव. पांढऱ्या गच्चीवरून बरंचसं ऊन परत फिरतं. फक्त धूळ बसली की धुवायला लागते. भिंतींसाठी गवंड्याला 'रॅट ट्रॅप' बांधणी येते का विचार. विटा कडेवर उभ्या लावून मधे पोकळी सोडतात, विटा साधारण पाव भाग कमी लागतात आणि पोकळीमुळं ऊन आत यायला वेळ लागतो. गवंडी नको म्हणाला तर जबरदस्ती नको, न येणाऱ्या हातानं बांधलेली भिंत आपल्याला नको.

पंखे मात्र बीएलडीसीच घे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास ओढतो, हा तिसाच्या. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागं महिन्याला सोळा युनिट वाचतात, चार पंख्यांचे चौसष्ट. महाग पडतो, खरंय. पण वीज गेल्यावर तुझा इन्व्हर्टर किती जास्त वेळ टिकतो ते बघ, मग बोल. जुन्या चाळीसच्या ट्यूब चोकसकट काढून वीस वॉटच्या एलईडी पट्ट्या लाव. बल्ब तू कधीच बदललेस, त्यावर लिहीत नाही.

वहिनींचा जुना फ्रिज वर पाण्याच्या बाटल्यांसाठी ठेवायचा बेत ऐकला. वहिनी, रागावू नका, पण तो विकून टाका. फ्रिज चोवीस तास चालतो आणि त्याच्या दाराचं रबर तर सैल झालंय. नवा घेताना लेबलवर तारे किती यासोबत कुठल्या सालचं लेबल आहे तेही बघा. मोजमाप अधूनमधून कडक करतात. युरोपातही २०२१ साली 'ए प्लस प्लस प्लस'ची जुनी पट्टी मोडून ए ते जी अशी नव्यानं लावली, कारण सगळीच यंत्रं वरच्या वर्गात जाऊन बसली होती.

एक राहिलं. स्लॅब टाकायच्या आधी गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप सोडून ठेव आणि पाण्याची टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात घे, म्हणजे पुढं सोलर बसवलं तर टाकीची सावली पॅनेलवर पडणार नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. हंगाम उरकला की तेही बघू.

पैसे या महिनाअखेरीस पाठवतो. ते पंख्यांचे आणि चायना चिपचे. एसीचे तू बघ.

तुझा धाकटा