आहेराची वही माळ्यावर टाकू नकोस

ती. आई आणि ती. बाबा यांना
सा. न. वि. वि.

(‘साष्टांग’मधला ष पोटफोड्याच ना बाबा? मी बघून घेतलं, बरोबर आहे.)

वाकडहून नारायण पेठेत पत्र टाकतेय म्हणून हसू नका. फोनवर आहेराचा विषय काढला की आई म्हणते, “बरं बाई, तुम्हाला हवं तसं करा.” त्या ‘बरं बाई’ची मला शाळेपासून धास्ती आहे. समोर आले की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहितेय.

पत्रिका छापायला गेली आहे. सगळ्यात खाली ओळ आहे, ‘कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत.’ तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात. आई नुसती रात्रभर जागी राहिली असती, सकाळी तिचा चेहरा बघून मीच ती ओळ काढून टाकली असती. म्हणून नाही विचारलं. चुकलं माझं. ओळ मात्र तशीच राहू दे.

आई, तू म्हणालीस, “पस्तीस वर्षं आपण लोकांच्यात घातलंय. दादाचं लग्न तिकडेच उरकलं, आता दारात हे एकच कार्य.” तुझं हे वाक्य मला फार लागलं, कारण त्यात खोटं काहीच नाही. गौरींच्या दिवशी तू दुपारी जरा आडवी झालीस तेव्हा मी कपाटातली तुझी लाल वही काढून बघितली. रागावू नकोस. १९८९ पासून सगळं आहे त्यात. पहिल्या पानावर ‘स्टीलचा डबा, कडीचा, ४५ रु.’ आणि शेवटच्या पानावर ‘पाकीट, १००१’. मधे बाबांचा पगार थकला होता त्या वर्षीसुद्धा एक पान रिकामं नाही. मी बेरीज करायला बसले होते. अर्ध्यात सोडली. माझ्याच आईचा हिशोब मांडतेय असं वाटलं.

पण मग मला दुसरं काहीतरी दिसलं, त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी दादाच्या लग्नाच्या वेळची ती लिंक आठवा, अमेरिकेतल्या दुकानातल्या भेटींच्या यादीची. साताऱ्याच्या काकूनं मला फोन करून विचारलं होतं, “अगं, एका बाउलला चाळीस डॉलर? त्याच्याबरोबर काय काय येतं?” तिकडे ही रीत शंभर वर्षांची आहे. १९२४ साली शिकागोच्या मार्शल फील्ड या मोठ्या दुकानानं सुरू केली असं सांगतात. नवरीनं दुकानात जाऊन बशा, काटे-चमचे पसंत करायचे, दुकानानं लिहून ठेवायचं, पाहुण्यांनी त्यातलंच एकेक उचलायचं. म्हणजे वही तिथेही आहेच, फक्त ती आईच्या कपाटात नाही, दुकानदाराच्या गल्ल्यावर. आता तिकडचे लोकही त्याला कंटाळलेत म्हणे. लग्नाआधीच एकत्र राहणाऱ्यांच्या घरात मिक्सर-कुकर असतातच. मग कोणी प्रवासाला पैसे मागतं, कोणी घराच्या पहिल्या हप्त्याला, कोणी सांगतं आमच्या नावानं अमुक संस्थेला द्या.

आमच्याकडेही सूचना कमी आल्या नाहीत. तुमच्या होणाऱ्या जावयाच्या मित्रांनी सुचवलं की पत्रिकेवरच क्यूआर कोड छापा. वर ‘श्री गजानन प्रसन्न’ आणि खाली यूपीआय! मी म्हटलं, बाबा ती पत्रिका पोस्टात टाकायच्या आधी मला टाकतील.

साधं कारण ऐका. आमच्या घराला माळा नाही. सहाशे चौरस फुटांत दोन माणसं, एक ओटा आणि कपडे वाळत घालायची बाल्कनी. तुमच्या माळ्यावर अजून तीन लेमन सेट खोक्यासकट आहेत, ते तुम्ही ‘देण्याघेण्याला’ ठेवलेत, आणि ज्यांनी दिले त्यांनीही तसेच ठेवलेले दिले होते.

पण एक गोष्ट कधीच त्या फेऱ्यात सापडली नाही. नाव घातलेली भांडी. ज्याच्यावर नाव घातलंय ते दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून ते घरात राहिलं आणि वापरलं गेलं. आई, तुझं ते दुधाचं पातेलं. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, ‘चि. सौ. कां. हिस आजोळहून सप्रेम’, आणि खाली तारीख. मला वाचायला शाळेत शिकवलं असं सगळे म्हणतात, पण मी खरं शिकले ते त्या पातेल्यावर. ओट्यावर बसून बोट फिरवत ‘आ, जो, ळ’ म्हणायचे आणि तू म्हणायचीस, “बोट काढ, भाजेल,” आणि गॅस बारीक करायचीस. मला सायीसकट दूध आवडत नाही हे माहीत असून रोज चमच्यानं साय बाजूला करून तीच पोळीवर साखर घालून द्यायचीस. अजून कुठेही साय-साखर-पोळी दिसली की मला घरी यावंसं वाटतं.

तर मी असं ठरवलंय. घरातल्या अकरा जणींकडून, म्हणजे आत्या, दोन्ही मावश्या, काकू, माम्या, वहिनी आणि बाकी तू जाणतेसच, एकेक भांडं मागायचं. नवं नाही. वापरातलं, त्यांचं नाव असलेलं. कढई, गंज, ओगराळं, परात, काहीही. पोचा आलेला चालेल. तुळशीबागेत जाऊन नवं आणलं आणि त्यावर नाव घालून दिलं तर मी ओळखेन, हे मोठ्या आत्याला आधीच सांगून ठेव, ती तेच करणार आहे. ज्यांना खरंच काही द्यायचंय त्यांना हे सांगता येईल, नुसतं ‘काही नको’ म्हटलं की माणसं दुखावतात.

आता पाकिटं. बाबा, तुम्ही विचारलंत की लग्नातल्या भेटींना कर नाही, तर मग अडचण काय? बँकेतून निवृत्त झालेला माणूस हेच विचारणार! बरोबर आहे तुमचं. एरवी नात्याबाहेरच्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर भेट आली तर ती उत्पन्नात धरतात, लग्नात आलेली धरत नाहीत. पण ती सूट नवरा-नवरीला आहे, मुलीच्या बापाच्या हातात ठेवलेल्या पाकिटाला नाही. आणि आपल्याकडे निम्मी पाकिटं बापाच्याच हातात पडतात.

पण खरं कारण कर नाही. तुम्ही पारनेरहून वळकटी घेऊन पुण्यात आलात आणि विद्यार्थी सहाय्यक समितीत राहून शिकलात. १९५५ पासून समिती हेच करतेय, खेड्यातून आलेल्या पोरांना शहरात राहायची-जेवायची सोय. तुम्ही तिथल्या मेसबद्दल जितकं बोललात तितकं स्वतःच्या लग्नाबद्दलही बोलला नाहीत (आई, बरोबर ना?). ज्यांना पाकीटच द्यायचंय, त्यांनी ते समितीला द्यावं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. पावती त्यांच्या नावानं. आणि तुम्ही विचारायच्या आत सांगते, देणगीची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि रोख २,००० च्या वर दिलं तर मिळत नाही, तेव्हा काकांना चेक लिहायला सांगा.

एक कबूल करते, नाहीतर तुम्हाला बाहेरून कळेल. ऑफिसातल्या चौदा जणांनी मिळून वॉशिंग मशीन द्यायचं ठरवलं, मला विचारून, आणि मी हो म्हणाले. दादाच्या यादीला मी इतकी हसले, पण हे दुसरं काय आहे? पण मशीन हवंच होतं, आणि चौदा भिंतीवरच्या घड्याळांपेक्षा बरं. माझ्या तत्त्वाला तेवढं भोक राहू दे.

आई, कोणाला रिकामं पाठवायचं नाही ही तुझी काळजी मला माहीत आहे. ओटी आहेच. खण, नारळ, तांदूळ, सगळ्या सवाष्णींची ओटी भरायची, त्यात मी एक शब्द बोलणार नाही. आजीची नथ घालणार आहे. पंगतीत मसालेभात, जिलबी, मठ्ठा, तुझी यादी जशीच्या तशी. सासूबाईंशी मी बोलले, त्यांच्याकडच्या पत्रिकेवरही तीच ओळ आहे, त्यामुळे ‘मुलीकडच्यांनी वाचवलं’ असं कोणी म्हणणार नाही. तुला हेच वाटत होतं ना? मला वाटलंच.

आता तुम्हा दोघांसाठी. बाबा, जिलबी एक. दोन नाही, ‘अर्धी-अर्धी करत’ चार तर नाहीच. सकाळची गोळी मुहूर्ताच्या गडबडीत राहील, म्हणून ती मी माझ्या पर्समध्ये ठेवणार आहे, आणि नवरी असले तरी येऊन देणार आहे. आई, लक्ष्मी रोडला एकटी जायचं नाही. गुडघ्याला पट्टा लाव, रिक्षानं जा, मीटरवरून भांडू नकोस, आणि चतुर्थीला उपाशी पोटी तर घराबाहेर पडायचंच नाही. पत्रिका वाटायला बाबांना स्कूटर द्यायची नाही. किल्ली तुझ्या डब्यात टाक, त्या डाळीच्या, बाबा तिथे कधी बघत नाहीत. (बाबा, हे वाचलंत तरी बघू नका.)

आणि ती वही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ साली नियम आले, की लग्नात आलेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं काय, आणि खाली सही. नवरीची वेगळी, नवऱ्याची वेगळी. आई, तुझ्या वहीत हे सगळं आहे, फक्त सही नाही. सरकारचे नियम न वाचताच तुला हे माहीत होतं, फक्त तू दिलेल्याचीही यादी ठेवलीस.

मी म्हटलं ना, मला दुसरं काहीतरी दिसलं. माझ्या बारशाची पानं. बारा-तेरा नावांपुढे वस्तू नाही, रक्कम नाही. तिथे तू लिहिलंयस, ‘आल्या. जेवल्या.’ एका नावापुढे, ‘भर पावसात आले.’ खालच्या आळीतल्या आजींपुढे, ‘गाणं म्हणाल्या.’ बेरजेत ते कुठे धरायचं मला कळेना, म्हणून मी बेरीज सोडली.

तेव्हा वही माळ्यावर टाकू नकोस, आणि बाबांच्या ‘आता काय उपयोग’ कडे लक्ष देऊ नकोस. नवं पान काढ, माझं नाव आणि तारीख घाल, आणि मधे उभी रेघ मारून ठेव. डावीकडे ती अकरा भांडी येतील. उजवीकडे रुंद जागा सोड, ‘आल्या, जेवल्या’ला. कार्यालयात दाराशी वही घेऊन बसायला मावशीची धाकटी तयार आहे, तिचं अक्षर बरं आहे.

रविवारी येते. सकाळी नऊपर्यंत. तोपर्यंत ते लेमन सेट काढायला दोघांपैकी कोणीही स्टुलावर चढायचं नाही, आल्यावर मी काढते.

तुमची
चिऊ