ज्यूरिखबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला गेले की माझा आवाज बदलतो आणि आई लगेच ‘काय झालं?’ विचारते, म्हणून लिहितेय. ज्यूरिखच्या नोकरीला मी होकार कळवलाय. जूनमध्ये आम्ही तिघं निघू. करार तीन वर्षांचाच आहे, घरभाडं कंपनी देणार, छोटीच्या शाळेचंही जमलंय. आणि ही संधी आत्ता सोडली तर या वयात पुन्हा कोण विचारणार? ह्यांनाही तिथे काम मिळेल असं दिसतंय. बघा, अजून तुम्ही काही विचारलंही नाहीत, आणि मी कारणं देत सुटलेय.

परवा छोटीला ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ दाखवला. आपला कॅसेटवाला सिनेमा, जहाज फुटून बेटावर अडकलेल्या आणि झाडावर घर बांधून राहणाऱ्या कुटुंबाचा. बाबा, तुम्ही प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचात, तोवर पुढची दोन निघून जायची, मग पुन्हा मागे! मी पुस्तकं वाचत बसायचे म्हणून तुम्ही मला त्यातल्या पुस्तकवेड्या मुलाच्या नावाने ‘एर्न्स्ट’ म्हणायचात. आणि देवरुखच्या आंब्यावरची फळी आणि दादाचं प्लास्टर, तो विषय नको.

ते झाडावरचं घर स्टुडिओतलं असणार असं तुम्ही म्हणायचात ना? नाही हो, १९६० चा तो सिनेमा टोबॅगो बेटावर जाऊन काढलाय आणि घर खऱ्याखुऱ्या झाडावर बांधलं होतं. आपल्या स्टेशनरोडला सावली धरणारे वर्षावृक्ष आहेत ना, त्याच जातीचं. मूळ पुस्तक बर्नच्या एका पाद्र्याचं, योहान डेव्हिड विस त्यांचं नाव. आपल्या चार मुलांसाठी रचलेल्या त्या गोष्टी, त्यातल्याच एका मुलाने नीट लावून १८१२ मध्ये छापल्या. कुठे, तर ज्यूरिखमध्येच. हे वाचलं आणि मला फार बरं वाटलं.

काही गोष्टी आता खटकतात. चाचे म्हणजे सगळे सरसकट आशियाई, आणि जनावरांना किती पळवलंय! पण लहानपणी शहामृगांच्या शर्यतीपायी ज्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं, ते या वेळी दिसलं. इतक्या उंचावर राहायचं म्हटल्यावर ती आई धास्तावते. मग वडील तिला वर नेऊन एकेक करून दाखवतात, घरात आलेलं पाणी, दोरी ओढली की उघडणारं छप्पर, त्यातून दिसणारं आभाळ. मुलं होडी घेऊन निघतात तेव्हाही तिला ते नकोच असतं, तरी जाऊ देते. शेवटी मोठा फ्रिट्झ बेटावरच राहतो, आईवडीलही राहतात आणि एर्न्स्ट शिकायला बोटीने जातो. तिथे मला रडू आवरेना. छोटी माझं तोंड पुसत होती.

आई, तू मला हॉस्टेलला सोडायला आलीस तेव्हा जाताना मागे वळून बघितलं नाहीस. का, ते मला आत्ता कळतंय. तुझ्या पदराला धरून झोपायची सवय अजून गेलेली नाही गं, तिथे काय करू?

तुमच्या सोयीचं सगळं बघितलंय. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवायला प्लंबर सोमवारी येईल, त्याला परत पाठवू नका. गिझरही नवा येतोय. दादा-वहिनी दहा मिनिटांवर आहेतच, वहिनीने डब्याच्या बाई ठरवल्यात. आई, त्यांच्या पोळ्यांना नावं ठेवू नकोस. बाबा, बीपीची गोळी बरं वाटलं तरी घ्यायचीच, आणि माळ्यावर चढायचं नाही. गुडघ्याचा एक्स-रे मी निघायच्या आत व्हायला हवा, दादाला तारीख घ्यायला सांगितलंय.

रविवारी येतो जेवायला. पुरणाचा घाट घालू नकोस, आमटीभात पुरे. आणि आई, रागवायचं असेल तर समोर रागव, फोनवर गप्प बसू नकोस.

तुमची,
ठमी