तलावातला शिशाचा आकडा समुद्रात चालत नाही

महोदय,

तारकर्ली-मालवणला स्कूबा डायव्हिंगसाठी जाणारे नाशिककर मास्क आणि फिन्स पारखून घेतात, पण पाण्याखाली जाण्यासाठी कमरेला शिशाचे वजन किती लावायचे हे अंदाजाने ठरवतात. कोणी इथल्या जलतरण तलावात जमलेला आकडाच तिथे सांगतो, तर कोणी शरीराच्या वजनाच्या १० टक्के धरतो. दोन्ही चुकते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. माणूस आणि साहित्य मिळून ९० किलो भरत असेल, तर समुद्रात सव्वादोन किलो शिसे जास्त लागते. वेटसूटसाठी (अंग उबदार ठेवणारा, पाण्यावर तरंगणारा रबरी पोशाख) लागणारे वेगळे. १० टक्क्यांचा हिशेब जाड सूटचा. कोकणात ३ मिलिमीटरच्या सूटवर तो बहुधा जास्त होतो.

जास्त शिसे लावले की जास्त सुरक्षित, हा समज घातक आहे. ३ किलो फाजील शिसे सावरायला १० मीटर खोलीवर बीसीडी जाकिटात (हवा भरून किंवा सोडून तरंगणे सावरायचे जाकीट) ३ लिटर जादा हवा भरावी लागते. पृष्ठभागाकडे येताना दाब निम्मा होतो आणि तीच हवा ६ लिटर होते. ती वेळेत सोडली नाही तर माणूस वेगाने वर फेकला जातो. त्यात श्वास रोखलेला असेल तर फुप्फुस फाटू शकते.

शिसे कमी पडले तरी धोका आहेच. ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधली हवा २०० बारवरून (बार हे दाबाचे एकक) ५० बारवर आली की सुमारे २ किलो वजन घटते आणि वर येताना ५ मीटरवर घ्यायचा ३ मिनिटांचा सुरक्षिततेचा थांबा साधत नाही. म्हणून शिसे नेमके आहे का, याची चाचणी डायव्हच्या शेवटी, ५० बार उरले असताना घ्यावी. जाकीट पूर्ण रिकामे करून, पाय न हलवता उभे राहून नेहमीचा श्वास घ्यावा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यावे. श्वास सोडताच सावकाश खाली जावे. भरलेल्या सिलिंडरवर चाचणी केली तर २ किलो वाढवावेत.

शिशाचा पट्टा सर्वांत शेवटी बांधावा, बक्कल उजव्या हाताने झटक्यात सुटावे. खोलीवर सूट दबून पट्टा ढिला पडतो, तिथे पुन्हा आवळावा. भाड्याचे जाकीट फुगवून दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे गळती कळते. रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडात देणारे साधन) श्वास घेताना दाबमापकाचा काटा खाली-वर होत असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही.

इथल्या प्रशिक्षण वर्गांना विनंती, की प्रत्येकाच्या लॉगबुकात शिशाच्या किलोंबरोबर पाणी गोडे की खारे, सूटची जाडी आणि सिलिंडरचा प्रकार यांचीही नोंद करून द्यावी.

– स्कूबा प्रशिक्षक, नाशिक