सातच मीटर म्हणालीस म्हणून

मालवण

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की नेटवर्क गेलं, कळलं नाही. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं नेटवर्क म्हणून सोडून दिलं. मला भांडायचं नव्हतं. पण ‘बाबा, निमो रीफ आहे, सातच मीटर, गोळी घेऊन उतरते’ हे तू चोंदलेल्या नाकाने सांगत होतीस. म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस.

उथळ पाणी कानाला सोपं असतं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? पाण्यावर दाब एक बार, दहा मीटरला दोन, विसाला तीन. म्हणजे पहिल्या दहा मीटरांत दाब दुप्पट होतो, पुढच्या दहांत फक्त दीडपट. कानाचे हाल होतात ते वरच्याच पाण्यात. डिक्सन्स पिनॅकलसारख्या खोल जागी तू एकदा उतरलीस की डाइव्ह संपेपर्यंत खालीच असतेस. निमो रीफला पहिल्यांदाच स्कूबा करायला उतरणारे गेस्ट. एक घाबरला की त्याला घेऊन वर, परत खाली, तो झाला की दुसरा. खोल डाइव्हपेक्षा हे वाईट. त्यात सर्दी.

सर्दीत नाकामागून कानाकडे जाणारी नळी आतून सुजते. तू खाली जातेस, कानातली हवा आकसते, नळीतून नवी हवा आत येत नाही, पडदा आत ओढला जातो. दीड-दोन मीटरवर नळीचं तोंड दाबाने असं मिटतं की मग कितीही फुंक, उघडत नाही. तरी रेटून खाली गेलीस तर आतल्या त्वचेतून आधी पाणी झिरपतं, मग रक्त. पडदा फाटला तर गार पाणी आत शिरतं आणि गरगरायला लागतं, वर कुठे नि खाली कुठे कळेनासं होतं. पाणी अंगाइतकं कोमट झालं की ते थांबतं. तोवर दोर किंवा खडक धरून राहायचं. पण तेव्हा तुझ्या हातात एक गेस्ट असेल, त्याचं काय?

आणि नाक धरून जोरात फुंकणं हे तर त्याहून वाईट. त्याने नुसता पडदा नाही, आतला कानही जाऊ शकतो. तो परत येईलच असं नाही. आबांशी बोलताना आपण सगळे डाव्या बाजूला का बसतो, ते तुला मी सांगायला नको.

असो. विषय बदलतो.

टायटन ट्रिगरफिश माशाने पायातली फिन चावली म्हणालीस. आई घाबरली, मी हसलो. तो घरटं राखत असतो. त्याची हद्द खालून वर रुंद होत जाते, म्हणून वर पळालीस की त्याच्याच हद्दीत राहतेस. तळ न सोडता आडवं निघायचं, फिन त्याच्या तोंडासमोर ठेवून. विषारी लायनफिशचा काटा लागला तर बर्फ नाही, गरम पाणी. 45 अंशांच्या आतलं, अर्ध्या ते दीड तासापर्यंत. पाणी किती गरम ते चांगल्या हाताने बघायचं, काटा लागलेल्या हाताला अंदाज येत नाही. तुमच्या बोटीवर थर्मास असतो का? नसेल तर तू ठेव. निमो, म्हणजे क्लाउनफिश, दाखवताना घोळक्यातला सगळ्यात मोठा मासा ती मादी, आणि ती गेली की तिच्याखालचा नर मादी होतो, हे गेस्टना सांगतेस ना? तू ते आजीला सांगितलं होतंस, ती अजून येईल-जाईल त्याला ऐकवते.

लहानपणी बंदरावर गळाला लागून खोलातून वर आलेला गोबरा मासा बघून तू रडली होतीस. त्याचं पोट तोंडातून बाहेर आलं होतं. घरी येईपर्यंत विचारत होतीस, असं का झालं. पोटातली हवेची पिशवी वर येताना फुगते आणि हवेला बाहेर पडायला वाट नसते. आता सांगायचं कारण, तुझ्या गोळीने नेमकं तेच होतं. गोळीने सूज उतरते, तू मजेत खाली जातेस, अर्ध्या डाइव्हला गोळीचा असर संपतो, नळी बंद. वर येताना कानात फुगलेली हवा बाहेर पडत नाही. मग एखादा मीटर परत खाली जायचं, जबडा हलवायचा, गिळायचं, इंच इंच वर यायचं. ह्याला वेळ लागतो, आणि डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये उरलेले असतात पन्नास बार. खाली जाताना अडलं तर डाइव्ह सोडता येते. वर येताना अडलं तर सोडून जायचं कुठे?

बघ, पुन्हा तिथेच आलो. राग मानू नकोस. तुला हे सगळं शिकवलेलं आहे, परीक्षेत लिहूनही आलीस. तू गेस्टचा हात धरून नेतेस तो व्हिडिओ आईने अख्ख्या वाडीला दाखवला. त्यात तू दर अर्ध्या मीटरला त्याला थांबवतेस, आधी स्वतःच्या नाकाला हात लावतेस, मग त्याच्या कानाकडे बोट दाखवतेस. मी तो परत परत बघतो. पाय खाली, दोराला धरून, दुखायच्या आधीच कान सोडवून. अडलं की मीटरभर वर. एवढं नीट करणारी मुलगी स्वतःच्या वेळी गोळी कशी घेते?

एक दिवस नाही गेलीस तर सेंटरवाले काय म्हणतील ही भीती आहे ना? म्हणू देत. जो इन्स्ट्रक्टर बंद नाकाने उतरायला लावेल त्याच्याकडे शिकण्यासारखं काही नाही. हवं तर मी बोलतो. नको, नाही बोलत. तोवर कॉम्प्रेसरवर बस, सिलिंडर भर, बोटीवरून माणसं मोज. तीही डाइव्हमास्टरचीच कामं.

शिमग्याला येताना शेवटची डाइव्ह आणि विमान ह्यांत 18 तास ठेव, कमी नको. आणि तेव्हाही कान बंद असेल तर विमानसुद्धा पुढे ढकल, तिकिटाचे पैसे मी देईन.

आईने कुळथाचं पीठ आणि कोकमं पाठवली आहेत. पिठी गरम पी, वाफ घे, नाक जोरात शिंकरू नकोस. सोमवारी फोन कर. फोनवरच नाक धरून गिळ आणि सांग, दोन्ही कान सुटतात का. एक जरी अडला तरी गुरुवारपर्यंत पाण्यात जायचं नाही, आणि कान दुखत असेल तर आधी डॉक्टरकडून आतून बघून घे. खोटं सांगू नकोस, आवाजावरून कळतं.

तुझे,
बाबा