कुलपाआधी वर्गवारी तपासा

संपादक महोदय,

महिला कैद्यांच्या अतिसुरक्षा विभागाविषयीचे बोलणे भिंती, कुलपे आणि कॅमेऱ्यांवरच अडते. खरी गडबड त्याआधी, कोणत्या कैद्याला किती कडक बंदोबस्त हे ठरवणाऱ्या वर्गवारीच्या तक्त्यात झालेली असते. तो तक्ता बहुधा पुरुष कैद्यांवरून बेतलेला: गुन्हा कोणता, शिक्षा किती वर्षांची, गुण मांडा, बेरीज करा. ही बाई खरेच पळेल का, कुणाला इजा करील का, हे वेगळे पाहिलेच जात नाही. महिला कैद्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या बँकॉक नियमांतील (२०१०) नियम ४१ नेमका यावरच आहे: स्त्रियांपासून इतरांना असलेला धोका साधारणपणे कमी असतो आणि कडक बंदोबस्त, एकटेपणा त्यांना विशेष बाधतो, हे धरून वर्गवारी करावी.

अशा कैदी मुळात थोड्या, त्यामुळे विभाग लहान आणि बऱ्याचदा घरापासून लांब. पाच-दहा जणींसाठी स्वतंत्र काम किंवा शिक्षणवर्ग कोणी चालवत नाही. महिला कर्मचारी कमी पडल्या की पहिली कात्री कोठडीबाहेरच्या वेळेला लागते. दिवसाचे २२ तास किंवा अधिक, माणसांशी धड संपर्क नसताना कोंडणे म्हणजे मंडेला नियमांप्रमाणे (कैद्यांच्या वागणुकीविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम) एकांतवास. कागदावर त्याला ‘सुरक्षा’ म्हटले तरी. सलग १५ दिवसांपलीकडे तर तो निषिद्धच.

झडतीचेही तसेच. घरच्यांच्या प्रत्येक मुलाखतीनंतर, म्हणजे भेटीनंतर, सरसकट कपडे उतरवायला लावले, तर काही जणी मुलाखतच नको म्हणतात आणि घरच्यांशी उरलेला धागा तुटतो. आधी स्कॅनर वापरावा. ठोस संशय असेल तरच अंगझडती, तीही प्रशिक्षित महिला कर्मचाऱ्यांकडून, दोन टप्प्यांत: वरचे कपडे परत घातल्यावरच खालचे. पूर्ण विवस्त्र एका क्षणीही नाही.

पळून जाण्यापेक्षा स्वतःला इजा करून घेण्याचा धोका इथे मोठा आहे. रात्रीची फेरी ठरल्या ठोक्याला झाली की दोन फेऱ्यांमधला वेळ सर्वांना पाठ होतो. म्हणून वेळा बदलत्या हव्यात. कोठडीची किल्ली दूरच्या कचेरीत असेल तर आणीबाणीत मोलाची मिनिटे जातात. सीलबंद पाकिटातली किल्ली पहाऱ्यावरच्या कर्मचारीकडेच असावी, सील तुटले की नोंद व्हावी.

कॅमेरा लावताना शौचालयाचा भाग चित्रात झाकलेला आहे का आणि पडद्यासमोर कोण बसते, हे कुणी विचारत नाही. कोठडीचा पहारा महिलांकडे आणि पडदा पुरुषाकडे, असे असेल तर पहारा महिलांचा राहिलाच कुठे?

एक वाचक